एकाच नळीनें थंडी आणि निरोप

गेल्या उन्हाळ्यांत आपल्या शाळेच्या वाचनालयांत जो प्रकार घडला तो तुमच्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. तथापि पालकांच्या माहितीसाठीं तो येथें प्रथम सांगतों, कारण या लेखाचा उगम त्यांतच आहे.

वाचनालय आणि त्याला लागून असलेली संगणकाची खोली या दोहोंसाठीं दोन स्वतंत्र वातानुकूलन यंत्रें आहेत. प्रत्येक यंत्राचे दोन भाग असतात. एक खोलींत भिंतीवर बसविलेला, दुसरा बाहेर गच्चीवर ठेवलेला. गच्चीवरील दोन्ही पेट्या शेजारीं शेजारीं असून रंगानें व आकारानें अगदीं जुळ्या भावंडांसारख्या आहेत. एप्रिल महिन्यांत दुरुस्तीसाठीं त्या सोडवून पुन्हां जोडण्यांत आल्या. जोडणाऱ्या कारागिरानें तांब्याच्या नळ्या ज्याच्या त्याला बरोबर लाविल्या. विजेच्या तारा मात्र एकीच्या दुसरीला लागल्या. परिणाम असा झाला कीं, संगणकाच्या खोलींतील यंत्रानें थंडी मागितली म्हणजे गच्चीवर वाचनालयाची पेटी चालूं होई, आणि तयार झालेली थंडी जाई ती वाचनालयाकडे. वाचनालय सुटीमुळें बंद होतें व तेथील यंत्राचा पंखाही बंद होता. थंडी खोलींत पसरण्यास वाव न मिळाल्यामुळें भिंतीवरील यंत्राच्या आंतील वेटोळ्यावर बर्फाचा थर सांचत गेला. इकडे संगणकाच्या खोलींतील उकाडा तसाच राहिल्यामुळें तेथील यंत्र पुनःपुन्हां मागणी करीतच होतें. शेवटीं दुपारीं कोणीं तरी कंटाळून बटन बंद केलें. मग बर्फ वितळूं लागला, तें पाणी यंत्राच्या पन्हळींत मावेना, आणि तें खालच्या कपाटावर पडलें. त्या कपाटांत शाळेच्या जुन्या वार्षिक अंकांचे बांधीव खंड होते. चार खंडांचीं पानें एकमेकांस अशीं चिकटलीं कीं तीं आतां उलगडत नाहींत. ज्या वर्गांचे विद्यार्थी आज आजोबा झाले आहेत त्यांचे निबंध व चित्रें त्यांत होतीं.

कारागिराला दोष देणें सोपें आहे. परंतु कडक उन्हांत, जुळ्या पेट्यांमध्यें, एकाच रंगाच्या तारा हातांत घेऊन उभा असलेला मनुष्य चुकला तर त्यांत नवल तें काय? शाळा उघडल्यावर विज्ञानाच्या तासाला हा विषय निघाला, तेव्हां नववींतील एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, थंडी ज्या नळीनें जाते त्याच नळीनें निरोपही गेला असता तर हा घोटाळा झालाच नसता ना?” कांहीं मुलें हंसलीं. मी हंसलों नाहीं, कारण मला उत्तर देतां येईना. पुढें कांहीं दिवस मीं त्या प्रश्नाचा माग काढला, आणि त्या शोधांत जें हातीं आलें तें येथें मांडीत आहें.

प्रथम या नळ्यांतून काय वाहतें तें पाहूं. बाजारांत ज्याला नुसतें ‘गॅस’ म्हणतात तो शीतकारक पदार्थ असा निवडलेला असतो कीं, तो थोड्याशा उष्णतेनेंही उकळावा. हल्लीं घरगुती यंत्रांत वापरांत असलेला आर-३२ हा पदार्थ हवेच्या साध्या दाबाखालीं शून्याच्या खालीं सुमारें ५२ अंशांवर उकळतो. कोणताही द्रव उकळतांना भोंवतालची उष्णता ओढून घेतो. ओल्या अंगाला वारा लागला म्हणजे गारवा कां वाटतो हें तुम्ही शिकलां आहांच. खोलींतील वेटोळ्यांत हा द्रव उकळून खोलीची उष्णता घेतो, वायुरूप होऊन जाड नळीनें बाहेर जातो, बाहेरच्या पेटींतील कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेथें ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन तो पुन्हां द्रव होतो, आणि बारीक नळीनें परत येतो. म्हणून प्रत्येक यंत्राला दोन नळ्या असतात. दाबानें वायूचा द्रव होतो ही गोष्ट प्रयोगानें दाखविणाऱ्या प्रमुख शास्त्रज्ञांपैकीं मायकेल फॅरेडे हा एक होय. १८२३ सालीं त्यानें बंद कांचनळींत क्लोरीन वायूचा द्रव करून दाखविला. त्या प्रयोगांच्या वेळीं नळी फुटून कांचेचे कण त्याच्या डोळ्यांत गेले होते. फॅरेडेचें नांव ध्यानांत ठेवा. या लेखांत त्याची पुन्हां गांठ पडणार आहे. या तत्त्वावर सतत चालणाऱ्या यंत्राचें पेटंट जेकब पर्किन्स यानें १८३४ सालीं इंग्लंडमध्यें घेतलें. विलिस कॅरिअर या तरुण अमेरिकन अभियंत्यानें १९०२ सालीं जें वातानुकूलन यंत्र योजिलें तें माणसांच्या सुखासाठीं नव्हे, तर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगूं नये म्हणून. कागद कोरडा राखण्यासाठीं जन्मलेल्या यंत्राच्या वंशजानें आपले कागद भिजवावे, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे.

आतां निरोपाकडे वळूं. आपल्या यंत्रांत निरोप असा निराळा नाहीं. खोलींतील भाग गच्चीवरील पेटीला वीज देतो किंवा तोडतो. वीज हीच आज्ञा. म्हणून तारा बदलल्या कीं आज्ञा बदलल्या. नव्या पद्धतीच्या यंत्रांत मात्र खरोखरीचें संभाषण चालतें. खोलींतील भाग सांगतो कीं, खोलीची उष्णता अमुक अंश आहे, इतकी हवी आहे. बाहेरचा भाग त्याप्रमाणें कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करतो व आपली खुशाली उलट कळवितो. हें बोलणें विजेच्या लहान लहान ठोक्यांच्या रूपानें एका जादा तारेवरून होतें, जणूं तारायंत्राचें कट्ट-कडकट्टच. मोठ्या इमारतींत एका बाहेरच्या यंत्राला पुष्कळ खोल्या जोडलेल्या असतात. तेथें प्रत्येक खोलीला क्रमांक देऊन हजेरी घ्यावी तसे निरोप फिरतात. अशा ठिकाणीं नळ्यांचें एक जाळें आणि तारांचें दुसरें. दोन्ही जाळीं एकमेकांशीं तंतोतंत जुळलीं तरच सर्व ठीक. एका जागीं जरी मेळ चुकला तरी एका खोलीचें दुःख दुसऱ्या खोलीला सांगितलें जातें. आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका या मर्मावर बोट ठेवणारा होता.

नळीनें निरोप पाठविणें ही कल्पना मुळीं विचित्र नाहीं. वॉरन जॉन्सन नांवाचे एक प्राध्यापक अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत व्हाइटवॉटर गांवीं शिक्षकांच्या विद्यालयांत शिकवीत असत. तेथें हिंवाळ्यांत शिपाई वर्गावर्गांत शिरून उष्णता पाही, व मग खालीं तळघरांत जाऊन भट्टीची झांकणें कमीजास्त करी. शिकवितांना वारंवार होणाऱ्या या व्यत्ययाला कंटाळून जॉन्सन यांनीं १८८३ सालीं एका विद्युत्‌ उपकरणाचें पेटंट घेतलें, ज्यायोगें वर्गांतील उष्णतेची वर्दी खालीं घंटेनें मिळूं लागली. पुढें त्यांनीं दाबलेल्या हवेच्या बारीक नळ्या खोल्याखोल्यांतून नेल्या आणि त्या हवेच्या दाबानेंच झडपा उघडझांप करण्याची पद्धति बसविली. एका शिक्षकाच्या वैतागांतून केवढा उद्योग उभा राहिला पहा! शीतकारकाच्या नळीवरही कांहीं यंत्रांत एक लहानसा बंद फुगा बांधलेला असतो. नळी तापली कीं त्यांतील वायूचा दाब वाढतो, तो दाब केंसासारख्या बारीक नळीनें झडपेपर्यंत पोंचतो, आणि झडप त्या मानानें उघडते. हाही नळीनें गेलेला निरोपच.

मग वाहत्या शीतकारकाच्या दाबालाच चढउतार देऊन निरोप कां पाठवूं नये? वर्गांत ही सूचना एका मुलानें केली. पण कॉम्प्रेसरचा स्वतःचा ठोका त्या नळींत अहोरात्र चाललेला असतो. नगारखान्यांत टिमकीचा आवाज कोण ऐकणार? शिवाय यंत्र बंद असतांना तें सुरू करण्याचा निरोपही गेला पाहिजे. तेव्हां विचार नळीच्या आंतील पदार्थाकडून नळीच्या तांब्याकडे वळवावा लागतो. तांबें हें विजेचें उत्तम वाहक आहे. तारा त्याच्याच असतात. सांधे डाग देऊन अथवा पितळी चाक्यांनीं धातूला धातू घट्ट भिडवून केलेले असतात, म्हणजे खोलीपासून गच्चीपर्यंत एक अखंड जाड तारच टाकलेली आहे, फक्त ती पोकळ आहे. आंतील शीतकारक विजेला वाट देईल अशीही भीति नाहीं. कॉम्प्रेसरची मोटर त्याच शीतकारकांत राहून चालते, तो विजेचा वाहक असता तर हें शक्यच झालें नसतें.

येथपर्यंत सर्व सोपें वाटतें. परंतु अडचण पुढेंच आहे. नळीचीं दोन्ही टोंकें यंत्राच्या लोखंडी अंगाला जोडलेलीं असतात, आणि तें अंग सुरक्षिततेसाठीं जमिनीला जोडलेलें असतें. नळीवर सोडलेला निरोप पहिल्या पावलालाच जमिनींत मुरून जावयाचा. ही अडचण नवी नाहीं. १८३८ सालीं जर्मनींतील कार्ल स्टाइनहाइल या शास्त्रज्ञानें न्यूरेंबर्ग व फ्युर्थ या गांवांमधील आगगाडीचे रूळ तारायंत्राच्या तारांऐवजीं वापरण्याचा प्रयत्न केला. रूळ तयारच होते. नव्या तारा ओढण्याचा खर्च वांचणार होता. पण वीज रुळांतून जमिनींत जाई. रूळ जमिनीपासून पुरेसे अलग करणें त्याला साधलें नाहीं. मात्र त्या अपयशांतून त्याला एक लाभ झाला. वीज जमिनींतून इतक्या सहज जाते तर परतीच्या वाटेसाठीं दुसरी तार हवीच कशाला, असें त्याला सुचलें, आणि एकच तार व परतीला जमीन ही पद्धति त्यानें अमलांत आणिली. रुळांनीं निरोप नेण्याचें काम पुढें विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्यानें निराळ्या रीतीनें साधलें. त्याचें पेटंट १८७२ चें आहे. रुळाच्या एका तुकड्यांत एका टोंकाला विद्युद्घट व दुसऱ्या टोंकाला विद्युच्चुंबक. गाडी आली कीं चाकांतून व कण्यांतून वीज मध्येंच वळते, चुंबक निर्जीव होतो व सिग्नल धोका दाखवितो. यांतील खरी खुबी अशी कीं, रूळ मोडला किंवा घट संपला तरीही सिग्नल धोकाच दाखवितो. मुंबईच्या लोकल गाडींतून जातांना पायाखालीं हे बोलके रूळ असतात.

आपल्या नळीकडे परत येऊं. वर्गांत पहिला उपाय निघाला तो असा कीं, नळी मध्यें कापून रबराचा तुकडा बसवावा, म्हणजे वीज यंत्राच्या अंगाकडे जाणार नाहीं. हा उपाय मीं तत्काळ नाकारला. आर-३२ वायु ४५ अंश उष्णतेला द्रव होत असतांना त्याचा दाब हवेच्या दाबाच्या पंचविसपटींहून अधिक असतो. रबराचा सांधा तेथें किती वेळ टिकेल? आणि दुसरें असें कीं, यंत्राच्या धातूंत चुकून घरची वीज उतरली तर ती जमिनींत जाण्याच्या वाटा आपण आपल्या हातानें कमी कराव्या, हें शहाणपणाचें नव्हे.

या पेंचांतून वाट दाखविली ती पुन्हां फॅरेडेनेंच. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें एका लोखंडी कड्यावर दोन निरनिराळ्या तारा गुंडाळल्या. त्या एकमेकींस कोठेंही शिवत नव्हत्या. एका तारेंत वीज सोडतांक्षणीं दुसऱ्या तारेला जोडलेली चुंबकसूचि हलली. वीज तोडतांक्षणीं पुन्हां उलट हलली. मध्यंतरीं प्रवाह सारखा वाहत असतां ती स्वस्थ राहिली. याचा अर्थ असा कीं, बदलता प्रवाह कड्याच्या चुंबकत्वाच्या द्वारें, स्पर्शावांचून, दुसऱ्या वाहकांत प्रवाह उत्पन्न करतो. आतां कल्पना करा कीं, असें एक कडें आपण तांब्याच्या नळींत बांगडीसारखें घातलें. कड्यावर बारीक तारेचे वेढे दिले ती पहिली तार. आणि कड्याच्या पोटांतून जाणारी नळी हीच दुसरी तार, एकाच वेढ्याची. वेढ्यांत बदलता प्रवाह सोडला कीं नळींत प्रवाह उत्पन्न झालाच पाहिजे, मात्र त्याला फिरून येण्यास पुरी वाट मिळाली पाहिजे. ती वाट कोठें आहे? बारीक नळीनें जावें, खोलींतील यंत्राच्या अंगांतून जाड नळींत शिरावें, तिनें गच्चीवर यावें, आणि तेथील पेटीच्या अंगांतून पुन्हां बारीक नळीला मिळावें. ज्या जोडण्या मघाशीं शत्रु वाटत होत्या त्यांनींच वर्तुळ पुरें केलें! खोलीच्या बाजूला बारीक नळीवर दुसरें तसेंच कडें घातलें कीं नळींतील प्रवाह त्याच्या वेढ्यांत उतरतो, आणि निरोप ऐकूं येतो. नळी कापावी लागत नाहीं, जमिनीची जोडणी तोडावी लागत नाहीं, कोणाचा कोणाला स्पर्शही होत नाहीं.

कागदावर हें पटलें, पण डोळ्यांनीं, किंबहुना कानांनीं, पाहावें म्हणून आम्ही प्रयोगशाळेंत तें करून पाहिलें. पाव इंच व अर्धा इंच व्यासाच्या दोन नळ्या, प्रत्येकी दोन मीटर, टेबलावर समांतर ठेविल्या व दोन्ही टोंकांना लोखंडी पट्ट्यांनीं घट्ट जोडल्या. मोडक्या संगणकांतून फेराइट नांवाच्या काळ्या चुंबकीय पदार्थाचीं दोन कडीं काढलीं व प्रत्येकावर मुलामा दिलेल्या बारीक तारेचे शंभर शंभर वेढे दिले. हें वेढ्यांचें काम आठवींतील दोन मुलींनीं केलें. माझ्या हातून दर वीस वेढ्यांनंतर मोजणी चुकत होती. एका कड्याला फोनवरील हार्मोनियमचा सूर जोडला व दुसऱ्याला लहान ध्वनिवर्धक. सूर आला. बारीक होता, पण अगदीं स्वच्छ. मग लोखंडी पट्टी जमिनीच्या तारेला जोडली, सूर तसाच. नळींत पाणी भरलें, सूर तसाच. पण दोन नळ्यांच्या मधोमध एक तांब्याची पट्टी आडवी ठेवतांच सूर जवळजवळ नाहींसा झाला, कारण प्रवाहाला जवळची वाट सांपडली व तो पलीकडे गेलाच नाहीं. एका टोंकाचा सांधा सोडला तेव्हांही शांतता. हे दोन निष्कर्ष व्यवहारांत फार महत्त्वाचे आहेत. नळ्यांवर जें काळें मऊ वेष्टन असतें तें थंडी राखण्यासाठीं असतें, परंतु निरोप राखण्याचेंही काम तेंच करील. जेथें वेष्टन फाटून दोन नळ्या एकमेकींस भिडल्या तेथें संभाषण तुटलें असें समजावें.

कोणी विचारील कीं, पोकळ नळींत वीज कमी मावत नाहीं काय? प्रवाहाची दिशा जितक्या त्वरेनें उलटसुलट होते तितका तो धातूच्या पृष्ठभागाजवळून वाहतो, गाभ्यांत शिरत नाहीं. आपल्या घरांतील वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते. त्या गतीला तांब्यांत हा थर सुमारें ९ मिलिमीटर खोल असतो. आवर्तनें १० लक्ष केलीं तर तो मिलिमीटरच्या पंधराव्या भागाइतका उरतो. नळीची भिंत याहून कितीतरी जाड असते. म्हणजे अशा शीघ्रगति निरोपाला भरीव तांब्याचा दांडा दिला काय आणि पोकळ नळी दिली काय, सारखेंच! आणि घरच्या विजेची गति व निरोपाची गति यांत इतकें अंतर असल्यामुळें त्यांना वेगळें ओळखणेंही सुलभ होतें.

फेराइटच्या कड्याचा आणखी एक उपयोग आहे. त्यावर वेढे न देतां तें नुसतेंच नळींत घातलें तर तें त्वरित प्रवाहाला अटकाव करतें, पण संथ प्रवाहाला जाऊं देतें. म्हणून कांहीं अभियंते यंत्राच्या अंगाजवळ नळीवर असें कडें बसवितात व त्याच्या अलीकडे निरोपाची तार सरळ नळीलाच जोडतात. निरोप कड्यापाशीं अडून नळीनेंच पुढें जातो, आणि अपघातानें उतरलेली घरची वीज मात्र कड्यांतून निर्वेध जमिनींत जाते. द्वारपाल जसा अनोळखी माणसाला अडवितो व घरच्याला सोडतो, तसेंच हें झालें. अशा युक्त्यांवर पेटंटें घेतलेलीं आहेत. नववींतल्या मुलीला सुचलेला विचार मोठमोठ्या अभियंत्यांनींही केलेला होता, हें कळल्यावर तिला झालेला आनंद मीं पाहिला आहे. आधींच कोणीं तरी केलें म्हणून ती हिरमुसेल असें मला वाटलें होतें. तसें झालें नाहीं.

तरीही बाजारांतील बहुतेक यंत्रें आजही तारेनेंच बोलतात, आणि त्याला सबळ कारणें आहेत. कॉम्प्रेसर चालविण्यासाठीं वीज तर तारेनें न्यावीच लागते, ती नळीनें जात नाहीं. मग नळ्यांच्याच जुडग्यांत आणखी एक बारीक तार बांधण्यास असा कितीसा खर्च? नव्या इमारतींत तो नगण्य आहे. फायदा दिसतो तो जुन्या इमारतींत, जेथें नळ्या भिंतींत शाबूत आहेत पण निरोपाच्या तारा उंदरांनीं कुरतडल्या किंवा सर्दीनें कुजल्या आहेत, आणि त्या बदलण्यासाठीं भिंती फोडाव्या लागतील. वेग बदलणाऱ्या यंत्रांच्या विद्युत्‌ मंडलांत स्वतःचाच पुष्कळ गोंगाट असतो व तो यंत्राच्या अंगावाटे नळ्यांवर उतरतो. मोठ्या इमारतींत नळ्यांना फांद्या फुटतात, त्या पाण्याच्या नळांना व लोखंडी सळयांना टेंकतात, आणि निरोप वाटेंत अर्धामुर्धा गळतो. शेजारच्या नळ्यांतही त्याची कुजबूज पोंचते. यावर उपाय म्हणून प्रत्येक निरोपाच्या आरंभीं पाठविणाऱ्याचें व घेणाऱ्याचें नांव घालतात. शिवाय स्वतःच्या नळीवरचा आवाज मोठा व परक्याचा बारीक असल्यामुळें कोण आपला हें यंत्राला ताडतां येतें. आणि ठराविक वेळांत निरोप आलाच नाहीं तर कॉम्प्रेसर आपोआप थांबला पाहिजे. रॉबिन्सनच्या सिग्नलाची ती शिकवण येथेंही लागू आहे. ती पाळली असती तर आपल्या वाचनालयांत तासन्‌तास बर्फ जमला नसता.

गच्चीवरील पेट्यांना वीज स्वतंत्र मिळाली असती आणि आज्ञा मात्र नळीनें गेली असती, तर त्या दिवशीं काय झालें असतें? संगणकाच्या खोलीनें थंडी मागितली असती. ती मागणी तिच्याच नळ्यांनीं तिच्याच पेटीला पोंचली असती, कारण दुसरीकडे जाण्यास तिला मार्गच नव्हता. नळ्या चुकीच्या पेटीला लाविल्या असत्या तरी मागणी व थंडी एकत्रच चुकल्या असत्या आणि एकत्रच परत आल्या असत्या, म्हणजे खोलीला कांहींच कळलें नसतें. विद्यार्थिनीच्या प्रश्नाला माझें उत्तर ‘होय’ असें आहे.

तूर्त आम्ही साधा उपाय केला आहे. दोन्ही पेट्या, त्यांच्या नळ्या व तारा यांवर पांढऱ्या रंगानें १ व २ असे आंकडे घातले आहेत. ते घालण्यासाठीं तोच कारागीर आला होता. तो झाल्या प्रकारानें मनांतून फार खजील होता, म्हणून मुलांनीं त्याला प्रयोगशाळेंत नेऊन आपला प्रयोग दाखविला. तांब्याची पट्टी आडवी ठेवून सूर बंद करण्याचें काम त्यानें स्वतःच्या हातानें तीनदां केलें. मग कडें बोटानें फिरवून त्यानें विचारलें, “सर, नळीला डाग देतांना आम्ही ती लालबुंद तापवितों. तेवढ्या उष्णतेनें ह्या कड्याचें काय होईल?” आमच्यापैकीं कोणालाही हें सुचलें नव्हतें. फेराइट तापवितां तापवितां एका मर्यादेपलीकडे त्याचें चुंबकत्व नाहींसें होतें, आणि तांब्याला डाग देण्याची उष्णता त्या मर्यादेच्या पुष्कळच वर असते. एकदम तापल्यानें कडें तडकण्याचाही संभव. तेव्हां डाग देऊन नळी निवाल्यावरच कडें चढविलें पाहिजे. पण नळीचीं दोन्ही टोंकें जोडल्यावर अखंड कडें तिच्यांत घालणार कसें? कारागिरानें थोडा विचार करून दोन्ही हातांच्या ओंजळी एकमेकींस लावून दाखविल्या. दोन अर्धीं कडीं, बाहेरून पट्टीनें आवळलेलीं. अशीं कडीं खरोखरच मिळतात. तीं प्रयोगशाळेसाठीं मागविलीं आहेत, आणि तीं आलीं म्हणजे अर्ध्या कड्यांमधील बारीक फटीमुळें सूर किती कमी होतो तें आठवी व नववीचे विद्यार्थी मोजून पाहणार आहेत.